काळ्या पडलेल्या पितळी कड्या, बिजागऱ्या आणि झोपाळा: घासायला घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आजोबांच्या वेळचं घर बरीच वर्षं बंद होतं, आता दिवाळीच्या आत रंगकाम काढायचं आहे. दारांचे कडी-कोयंडे, बिजागऱ्या, खिडक्यांच्या मुठी आणि माजघरातल्या झोपाळ्याच्या पितळी कड्या काळ्या पडल्या आहेत. काही ठिकाणी हिरवा थर धरलाय, बिजागऱ्यांवर तर ऑइल पेंटचे थरच्या थर आहेत. पेंटर म्हणतो ऍसिड मारलं की पाच मिनिटांत काम होईल. बाजारातला कारागीर म्हणतो बफ मारून, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून, वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशसारखा, थर देतो. सासूबाई म्हणतात, चिंच आणि रांगोळी घ्या, दुसरं काही लागत नाही. यातलं कोणाचं ऐकावं?

ताई, तिघांच्याही पद्धतीने पितळ चकाकेल. पण किती चकाकलं यापेक्षा किती पितळ गेलं, हे पाहायचं. पितळेवरचा काळा थर नुसती बाहेरून येऊन बसलेली घाण नसते, धूळ-धूर सोडला तर तो पितळेचाच बनलेला असतो. हवेतला प्राणवायू, गंधकाचे अंश आणि हाताच्या घामातलं मीठ धातूच्या वरच्या पापुद्र्याशी मिळून तो तयार होतो. तो काढला म्हणजे तेवढं पितळ कमी झालंच. साठ-सत्तर वर्षांत दर दिवाळीला कोणी जोरात घासलं असेल, तर मोराच्या पिसाऱ्यावरच्या रेषा बुजलेल्या आणि स्क्रूची भोकं लांबट झालेली दिसतात. मी बडोद्यात जुन्या घरांचं पितळकाम दुरुस्त करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या वस्तूंचं खरं नुकसान दुर्लक्षामुळे कमी आणि अति उजळण्यामुळे जास्त झालेलं असतं. म्हणून सगळ्यात सौम्य उपायाने सुरुवात करा, काम झालं की तिथेच थांबा, आणि नक्षीच्या खोबणीतला काळेपणा राहू द्या. त्या काळेपणामुळेच नक्षी उठून दिसते.

आधी घरातलं खरं पितळ कोणतं ते ठरवा. एक छोटं चुंबक घेऊन घरभर फिरा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा किंवा पातळ पत्रा. बिजागरीच्या पानांना चिकटत नाही पण मधल्या नळीला चिकटतं, असं झालं तर पानं पितळी आणि आतली पिन लोखंडी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आम्लाच्या वेळी उपयोगी पडेल. चुंबक चिकटलं नाही म्हणजे पितळच, असंही नाही. नव्या मुठींपैकी बऱ्याच जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, बाजारात त्याला व्हाईट मेटल म्हणतात. तेवढ्याच आकाराच्या पितळी मुठीपेक्षा ती साधारण पाचव्या हिश्श्याने हलकी लागते. शंका असेल तर दाराला टेकणाऱ्या अंगाला सुईने बारीक ओरखडा काढा. पिवळा निघाला तर भरीव पितळ, करडा किंवा पांढुरका निघाला तर मुलामा.

मुलाम्याच्या वस्तूला पॉलिश, आम्ल, बफ यातलं काही लावू नका. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसा आणि सोडून द्या. तो थर इतका पातळ असतो की दोन-तीनदा पॉलिश लावलं की खालचा धातू डोकावतो, आणि मग पुन्हा मुलामा चढवून घेण्यावाचून उपाय उरत नाही.

यानंतर वस्तू दारावरून उतरवा. दारावर असतानाच घासलं तर काळं पाणी लाकडात मुरतं आणि सागवानावर न जाणारा डाग पडतो. उतरवण्याआधी प्रत्येक दाराचा फोटो काढा. प्रत्येक बिजागरीचे स्क्रू तिच्याच पिशवीत ठेवा आणि पिशवीवर दाराचं नाव लिहा. जुन्या बिजागऱ्या हाताने बसवलेल्या असतात, एकीची दुसरीच्या जागी बसेलच असं नाही.

सगळ्यात जास्त घाई होते ती स्क्रू काढताना. पितळी स्क्रू मऊ असतो. खाच रंगाने भरलेली असताना जोर लावला तर डोकं चिरतं आणि मग ड्रिल मारून काढावा लागतो. आधी टोकदार सुरीने खाचेतला रंग पूर्ण खरवडून काढा, डोक्याभोवतीही एकदा सुरी फिरवा. स्क्रूड्रायव्हर, म्हणजे आपल्याकडचं डिसमिस, खाचेच्या पूर्ण रुंदीचं घ्या. बारीक पात्याने खाचेच्या कडा उलतात. पहिला झटका किंचित आवळण्याच्या दिशेने द्या, मग सोडवा. तरीही हलला नाही, तर सोल्डरिंगचं गरम टोक एखाद-दोन मिनिटं स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. धातू फुगतो, निवताना आकसतो आणि लाकडातली पकड सुटते. परत बसवताना जुन्या भोकात आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट मोकळी करा, तो काढा, आणि मग पितळी स्क्रूला मेण किंवा कोरडा साबण लावून हलक्या हाताने बसवा. पितळी स्क्रू सरळ सागवानात पिळला तर मधेच मोडतो.

बिजागऱ्यांवरचा ऑइल पेंट कोरडा खरवडू नका आणि बर्नरने जाळू तर अजिबात नका. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर, विशेषतः पिवळे, हिरवे आणि लाल, शिसं असलेलेच समजून हाताळायचे. कोरडी भुकटी लहान मुलांच्या पोटात जाते आणि जाळलं तर धूर आपल्या छातीत. घरात नातवंडं येणार असतील तर एवढी खबरदारी हवीच.

सोपा उपाय असा. स्वयंपाकाला पुन्हा न वापरायचं स्टीलचं जुनं पातेलं घ्या, ऍल्युमिनियमचं नको, कारण सोडा ऍल्युमिनियमला खातो. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाका, बिजागऱ्या त्यात बुडवा आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवा, खळखळा उकळू देऊ नका. ऑइल पेंटमधल्या तेलाचा सोड्याने साबण होतो आणि थर आपोआप सुटतो. तो ओलाच असताना बांबूच्या कामटीने किंवा जुन्या टूथब्रशने काढा. हातमोजे घाला, गच्चीवर किंवा चौकात करा. खाली बसलेला गाळ पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कुंडीत किंवा मोरीत ओतू नका. एका खेपेत निघाला नाही तर दुसऱ्यांदा करा.

रंग निघाल्यावर, किंवा नसलाच तर थेट, पहिली धुलाई साध्या भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने करायची. मऊ टूथब्रश, खोबणीसाठी लाकडी टूथपिक. ही पायरी लोक वगळतात. कित्येकदा अर्धा काळेपणा उदबत्तीचा धूर, तेलकट हात आणि धूळ यांचाच असतो आणि साबणानेच निघून जातो. धुऊन कोरडं केल्यावर वस्तू उजेडात तिरकी धरून पाहा. काही भाग चकचकीत, काही काळपट, आणि दोन्हींच्या मधली कड नकाशातल्या किनाऱ्यासारखी तुटक दिसली तर वर जुनं लॅकर आहे. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन कोपऱ्यात घासा. बोळा चिकट, पिवळसर झाला तर खात्रीच. ते लॅकर आधी थिनरने पूर्ण काढावं लागतं, नाहीतर पॉलिश फक्त उघड्या जागी काम करतं आणि वस्तू ठिपक्याठिपक्यांची दिसते.

आता चिंचेचं. सासूबाईंचा अनुभव खोटा नाही. चिंचेतलं टार्टारिक आम्ल आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल काळा थर झटकन विरघळवतं, मीठ टाकलं तर आणखी झटकन. ताट, तांब्या, समई यांना ते चालतं, कारण ती भांडी लगेच खळखळून धुतली जातात आणि त्यांना सांधे नसतात. कडी-कोयंड्याची गोष्ट वेगळी. बिजागरीच्या नळीत, मुठीच्या मागच्या पोकळीत, नक्षीच्या खोल रेषेत आम्ल आणि मीठ शिल्लक राहतं आणि पहिल्या पावसाळी हवेत तिथूनच हिरवा कळंक फुटतो. म्हणून दाराच्या सामानाला मीठ कधीच नको. रांगोळी तर मुळीच नको. तो दगडाचा भुगा आहे, एकेका कणाने एकेक ओरखडा उठतो. विटकरीच्या पुडीचंही तेच. चाळून घेतलेली गोवऱ्यांची राख त्या मानाने मवाळ, पण तिच्यातही वाळूचे कण असतात.

साबणाने न निघालेल्या दाट काळ्या थरासाठी आम्ल वापरायचंच असेल, तर माप ठेवून वापरा. एक लिटर कोमट पाण्यात ३० ते ५० ग्रॅम लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक ऍसिड, किराणा दुकानात मिळतं ते. प्लॅस्टिकच्या टबात बुडवा, पाच मिनिटांनी बाहेर काढून पाहा, गरज असेल तर आणखी पाच मिनिटं. रात्रभर विसरू नका. बाहेर काढल्याबरोबर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुचकळा, मग नळाखाली भरपूर धुवा आणि लगेच उन्हात किंवा हेअर ड्रायरने सांध्यांसकट वाळवा.

कधीकधी वस्तू आम्लातून गुलाबी होऊन निघते आणि माणूस घाबरतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, घरातल्या सामानात बहुधा ६० ते ७० टक्के तांबं. आम्लात जस्त आधी जातं आणि विरघळलेलं तांबं पुन्हा पृष्ठभागावर येऊन बसतं. टबात लोखंडी स्क्रू, लोखंडी पिन किंवा तारेची घासणी असेल तर हे फार वेगाने होतं. म्हणून लोखंडी पिन असलेली बिजागरी आम्लात टाकायची नाही, आणि लोखंड व पितळ एका टबात ठेवायचं नाही. गुलाबी झालंच तर तो पापुद्रा वरवरचा असतो, पुढे सांगतो त्या खडूच्या लेपाने निघतो.

पेंटरचं ऍसिड म्हणजे संडास धुण्याचं, हायड्रोक्लोरिक. त्याला स्पष्ट नाही म्हणा. ते पितळ खडबडीत करतं, त्याची वाफ खोलीतल्या बाकीच्या लोखंडी सामानाला गंज आणते, आणि ते सांडल्यावर कोणी ब्लीचिंगने फरशी पुसली तर क्लोरीन वायू निघतो. घरात माणसं असताना तर हे होताच कामा नये.

माझं रोजचं हत्यार साधं आहे: चॉक पावडर, म्हणजे खडूची पूड. हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात मिळते. चाळून घ्या, त्यात थोडं पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घालून दह्याइतपत लेप करा. जुन्या सुती बनियनचा तुकडा तर्जनीभोवती गुंडाळा, लेप घ्या आणि कडीच्या लांबीच्या दिशेने सरळ चोळा, गोल-गोल नाही. गोल चोळल्याच्या खुणा तिरक्या उजेडात कायम दिसतात. सुरुवातीला लेप पांढराच राहतो, मग करडा होतो, मग कापड काळं पडतं. कापड बदला. एका जागी बोटाखाली घसरल्यासारखं लागायला लागलं आणि लेप काळा व्हायचा थांबला, की त्या जागेचं काम संपलं, पुढे जा. सपाट भाग आणि नक्षीचे उंचवटे उजळतील, खोबणी तपकिरी राहील. बहुतेकांना भीती वाटते की हे अर्धवट दिसेल, पण दारावर परत चढवल्यावर तेच नीट दिसतं. आपल्या भागातला तांबेकर वाडा, तिथली लाकडावरची कोरीव नक्षी जवळून पाहिली असेल तर लक्षात येईल की उजेड-सावलीशिवाय नक्षीला अर्थ नाही. पितळेचंही तेच आहे.

बाजारातली द्रव पॉलिश चालते, पण डबा उघडल्यावर नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ती झोपाळ्याच्या कड्यांना लावू नका. त्याचं कारण खाली येतंच. तारेची घासणी कशालाच नको, तिचे लोखंडी कण पितळेत रुततात आणि महिन्याभरात गंजाचे ठिपके उठतात. ब्रश लागलाच तर पितळी तारांचा.

बफबद्दल माझं मत सरळ आहे. साधी, सपाट, अलीकडची मूठ किंवा पडद्याची नळी बफला द्यायला हरकत नाही. जुन्या नक्षीच्या वस्तू देऊ नका. फिरतं कापडी चाक कडा आधी खातं, खोल भागापर्यंत पोचतच नाही. मोराची चोच, हत्तीचे दात, कडीच्या टोकावरची कमळकळी, हे सगळं काही मिनिटांत गुळगुळीत होऊन जातं, आणि ते परत आणता येत नाही. शिवाय आरशासारख्या पृष्ठभागावर प्रत्येक बोटाचा ठसा उठतो.

झोपाळा मी मुद्दाम वेगळा ठेवलाय, कारण तिथे प्रश्न दिसण्याचा कमी आणि माणसांच्या जिवाचा जास्त आहे. पाटाच्या चार कोपऱ्यांना लागणाऱ्या कड्यांवर भार किती येतो याचा अंदाज घ्या. दोन मोठी माणसं आणि सागवानी पाट मिळून सहज दीडशे-पावणेदोनशे किलो. आणि झोका ४५ अंशांपर्यंत गेला, तर खालून जाताना कड्यांवरचा ताण स्थिर वजनाच्या दीडपटीहून जास्त होतो. मुलं जोरात झोके घेतात ते असे.

म्हणून आधी तपासणी, मग उजाळा. कड्या उतरवून, साबणाने धुऊन, वाळवून जमिनीवर चार ओळींत मांडा. प्रत्येक कडीच्या दोन्ही टोकांचं वेढं पाहा, जिथे ते पुढच्या कडीत अडकतं तिथे आतल्या बाजूने. वर्षानुवर्षं घासून तिथे पन्हळ पडलेली असते. त्या जागेची जाडी व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या सरकपट्टीने, मोजा आणि त्याच वेढ्याच्या न झिजलेल्या बाजूशी ताडून बघा. पाव हिश्श्याहून जास्त झीज असेल तर ती कडी भारातून काढा, असा माझा आडाखा आहे. कडीला चुंबकही लावून पाहा. काही कड्यांत लोखंडी सळई असते आणि वर पितळेची नक्षीदार नळी. अशा कडीच्या टोकाशी तपकिरी पाझर दिसला तर आतली सळई गंजतेय, आणि बाहेरून ती कितीही सुंदर दिसली तरी भरवशाची नाही.

झिजेपेक्षाही जास्त भीती चिरांची. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली जायची आणि त्यांना आपोआप चिरा पडायच्या. याचं कारण १९२१ मध्ये नीट उलगडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, ओलसर हवा, आणि थंड ओढून घडवलेल्या धातूत अडकून राहिलेला ताण. हे तिन्ही एकत्र आले की पितळ कुरकुरीत होऊन तडकतं, वजन न वाढवताही. झोपाळ्याच्या कड्यांवर ताण कायमच असतो. म्हणून तिथे अमोनियाची पॉलिश नको, अमोनियाचं काच पुसायचं पाणी नको, आणि झोपाळा गॅलरीत असेल तर कबुतरांची विष्ठा साचू द्यायची नाही.

केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. ती शोधायची जुनी रीत अजूनही उत्तम चालते. शिवणयंत्राच्या तेलात थोडं टर्पेंटाईन मिसळून टोकांना आणि वाकांना लावा, अर्धा तास ठेवा, मग कोरड्या कापडाने पूर्ण पुसून काढा. चॉक पावडर स्पिरिटमध्ये कालवून पातळ हात द्या. स्पिरिट उडून जाईल आणि पांढरा थर राहील. पाव तास थांबा, लाकडी हातोडीने कडी हलकेच ठोका. चीर असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर बारीक काळपट रेघ उमटते. रेघ उमटली ती कडी पुन्हा टांगायची नाही. झाळून, म्हणजे डाख देऊन जोडून, आणली तरी नाही. झाळणं शोभेच्या तुकड्याला ठीक, माणसांचं वजन पेलणाऱ्या सांध्याला नाही. आणि छतातला आकडा विसरू नका. तो लोखंडी असतो आणि तुळईत जिथे शिरतो नेमकं तिथेच गंजतो. तो सुताराकडून बघून घ्या.

तुम्ही हिरवा थर लिहिला आहे, त्यातला कड्यांच्या सांध्यातला चिकट थर असतो तो तेलामुळे. कुरकुर थांबवायला कोणी खोबरेल तेल घालतं, कोणी तूप. त्यातली मेदाम्लं तांब्याशी मिळून हिरवा मेणचट पदार्थ तयार होतो आणि धातू खात राहतो. टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या टूथब्रशने तो काढा, साबणाने धुवा आणि पुढे सांध्याला खनिज तेलाचं ग्रीस किंवा साधी पांढरी व्हॅसलिन नखभर लावा. खाण्याचं कोणतंही तेल नको.

बाकीचं पटकन सांगतो. कुलूप आम्लात किंवा पाण्यात बुडवायचं नाही, बाहेरून पुसायचं आणि आत पेन्सिलीच्या शिशाची, म्हणजे ग्रॅफाइटची, बारीक पूड टाकायची. तेल टाकलं की धूळ धरतं आणि चावी अडकते. नळ बहुधा क्रोम चढवलेले असतात. क्रोम उडून पिवळं दिसत असेल तर ते तसंच राहू द्या, पांढरे क्षार व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने काढा. विजेच्या जुन्या गोल बटणांची पितळी झाकणं असतील तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच उतरवा.

उजाळा दिल्यावर पितळ उघडं ठेवलं तर आपल्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, ते महिन्याभरात मंदावतं. इथे दोन रस्ते आहेत, मेण किंवा लॅकर. हात लागणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे कडी, मूठ, झोपाळा, मेणाने राखा. घासणारे कण नसलेलं गाडीचं वॅक्स पुरतं. वस्तू तासभर उन्हात तापवा, हाताला सोसेल इतपत, अगदी पातळ थर लावा, निवल्यावर स्वच्छ कापडाने ओढून पुसा. कपाळाला तेल लावल्यासारखं चोपडायचं नाही, जाड थरावर धूळ बसते. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीत एकदा केलं की पॉलिशची गरज कित्येक वर्षं पडत नाही. माझ्या मते सगळ्या कामाचं निम्मं यश इथे आहे आणि इथेच लोक कंटाळतात.

लॅकर फक्त हात न लागणाऱ्या जागी: दारावरच्या फुल्या, भिंतीवरचे दिवे, उंचावरची नक्षी. त्याला एकदा ओरखडा पडला की हवा आत शिरते, खालून काळी वेल पसरत जाते आणि मग सगळंच काढावं लागतं. करायचंच असेल तर ऍसिटोनने पुसल्यावर उघडं बोट लावू नका, हातमोज्यांनीच धरा, आणि दोन पातळ हात द्या. दमट दिवशी लॅकर दुधाळ होतं, म्हणून बडोद्यात हे काम नोव्हेंबर ते मे. तुम्हाला दिवाळीच्या आत सगळं हवंय, तर आत्ता मेण लावा, लॅकर डिसेंबरात.

विश्वामित्री नदीच्या पुराचा अनुभव घेतलेल्यांसाठी एक सूचना, कारण २०२४च्या ऑगस्टनंतर हाच प्रश्न मला सारखा विचारला गेला. पुराच्या चिखलात सांडपाणी असतं. तो पितळेवर वाळू देऊ नका. पाणी ओसरलं की त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा, वाळवा, पॉलिश नंतर कधीही करता येईल. हिरवे भुकटीसारखे ठिपके पुन्हा-पुन्हा उगवत असतील तर आत क्षार राहिलेत. वस्तू स्वच्छ पाण्यात ठेवून रोज पाणी बदलत चार-पाच दिवस भिजवा, मगच मेण.

शेवटचं, तुटलेल्या किंवा बाद झालेल्या कडीबद्दल. जुनं पितळ वजनावर घेऊन नवा सेट देतो, असं दुकानदार म्हणतील. देऊ नका. नव्या कड्यांपैकी पुष्कळ आतून पोकळ असतात आणि तुमच्याकडच्या भरीव असण्याची शक्यता जास्त. एकच कडी ओतून घ्या. ओतकाम करणाऱ्याकडे शाबूत कडी नमुना म्हणून न्या, पण त्याला एवढं बजावून सांगा की साच्यातलं पितळ निवताना सुमारे दीड टक्का आकसतं. फूटभर लांबीच्या कडीत ही तूट साधारण साडेचार मिलिमीटरची होते, आणि एका कोपऱ्यात तेवढी तूट आली तरी पाट तिरका लटकतो. नमुन्याच्या टोकांना मेणाने तेवढी लांबी वाढवून मगच साचा घ्यायला सांगा, टोकांचे वेढे भरीव ओतून घ्या, आणि टांगायच्या आधी नवी कडी जुनीशेजारी ठेवून वेढ्याच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजून बघा.